पडद्यावरचा धूर आणि तव्यावरची मशेरी

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आम्ही चार घरची मंडळी एकत्र जमून जुना सिनेमा बघतो. ज्याचा टीव्ही मोठा त्याच्याकडे जमायचं, आणि खायला ज्याला जे जमेल ते त्याने आणायचं, एवढे दोनच नियम. मध्ये एकदा देव आनंदचा 'हम दोनों' लावला होता. मोठी माणसं रंगात आली होती. देव आनंद लायटर उघडतोय, लायटरमधून ती सुंदर धून वाजतेय, धुराची वलयं वर जातायत... आणि आमची सात वर्षांची कन्या एकदम म्हणाली, "बाबा, हा काका पिवळ्या चौकटीच्या बाहेर कसा ओढतोय? त्याला फाईन नाही का लागणार?"

हसून हसून आमची पुरेवाट झाली. पण तिचं काय चुकलं? सिंगापुरात जन्मलेल्या मुलीने सिगरेट पाहिली ती कॉफी-शॉपच्या कोपऱ्यात, जमिनीवर आखलेल्या पिवळ्या रेघांच्या आत. तिच्या दृष्टीने सिगरेट ओढणारा म्हणजे चौकटीत उभा केलेला माणूस. आमच्या वडिलांच्या दृष्टीने सिगरेट ओढणारा म्हणजे देव आनंद! एका घरात दोन पिढ्यांत एवढा फरक कसा पडला, हा किडा तेव्हापासून डोक्यात वळवळत होता.

त्यात यंदाच्या पुस्तिकेतून जमणारी रक्कम तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी जाणार असं कळलं आणि संपादक मंडळींनी लेख मागितला. आमचा धंदा सॉफ्टवेअरचा. सिनेमाचं आमचं ज्ञान प्रेक्षकाचं, आणि या आजाराचं ज्ञान पेशंटच्या नातेवाइकाचं. तेवढ्या भांडवलावर हा लेख लिहितोय. चूकभूल द्यावी घ्यावी.

सिगरेट पडद्यावर आली कशाला?

आधी एक साधा प्रश्न. सिनेमावाल्यांना सिगरेट एवढी आवडली का? आम्हाला तीन कारणं दिसतात.

पहिलं कारण, नटाचे हात. कॅमेऱ्यासमोर उभं राहिलं की हातांचं काय करायचं हे भल्याभल्यांना कळत नाही. (मंडळाच्या गणेशोत्सवात निवेदन केलेल्यांना विचारा!) सिगरेट हातात दिली की हातांना काम मिळतं. काडी ओढायची, ओंजळ करायची, झुरका घ्यायचा, राख झटकायची. दुसरं कारण, प्रकाश. कृष्णधवल सिनेमात मागून दिवा लावला की धूर चमकतो आणि रिकामी चौकट भरून निघते. आणि तिसरं कारण, न बोलता बोलायची सोय. नायक काळजीत आहे हे दाखवायला भरलेला ॲश-ट्रे पुरतो. एकाने दुसऱ्याची सिगरेट पेटवून दिली की दोस्ती झाली. पेटती सिगरेट बुटाखाली चिरडली की प्रेक्षकांनी समजायचं, आता मारामारी.

बॉम्बे टॉकीजचा 'किस्मत' १९४३ साली आला. त्यातला अशोककुमार हा पाकीटमार, पण बोटांत सिगरेट धरून असा सहज वावरला की चोर असूनही तोच हिरो ठरला. हॉलिवूडमध्ये तेव्हा हम्फ्री बोगार्टचा जमाना होता, त्याचाच हा आपल्याकडचा अवतार. मग १९६१ साली 'हम दोनों' आला. साहिरचे शब्द, जयदेवची चाल, रफीचा आवाज. आणि चिंता धुरासारखी उडवून लावायची ते गाणं. धूर म्हणजे बेफिकिरी, आणि बेफिकिरी म्हणजे मर्दानगी, हे समीकरण तिथे पक्कं झालं.

त्याच वेळी खलनायकाचाही धूर होता, पण त्याची जात निराळी. के. एन. सिंग यांचा ओव्हरकोट, हॅट आणि सिगरेट बघितली की कुठेतरी खून होणार हे कळायचं. प्राणसाहेबांनी तर १९४९ च्या 'बडी बहन'पासून धुराची वर्तुळं सोडायची खासियतच केली. हिरोने धूर सोडला तर तो दिलदार, प्राणने सोडला तर तो कपटी! धूर तोच, फक्त मागची सुरावट बदलायची.

आणि बाईच्या हातात सिगरेट आली तर? मग ती नायिका राहत नसे. 'श्री ४२०' (१९५५) मधली नादिरा आठवा. लांब होल्डरमधली सिगरेट आणि नाव काय, तर माया! समोर साधी नर्गिस, नाव काय, तर विद्या! कुठली चांगली आणि कुठली वाईट हे प्रेक्षकांना सांगायची गरजच पडली नाही. पुढे 'हरे रामा हरे कृष्णा' (१९७१) मध्ये झीनत अमान चिलीम ओढते, तीही वाट चुकलेली बहीण म्हणूनच. पुरुषाला जे शोभतं ते बाईला बिघडवतं, असा सिनेमाचा न्याय.

सत्तरच्या दशकात हिरो बंगल्यातून गोदीत आला आणि सिगरेटची बिडी झाली. 'दीवार' (१९७५) मधल्या गोदी कामगार विजयच्या ओठांत बिडी आहे. इथे धूर म्हणजे बेफिकिरी नाही, आतली आग. त्याच वर्षी आलेल्या 'शोले'त गब्बरसिंग तळहातावर तंबाखू मळतो. आमच्या लहानपणी गल्लीत गब्बरची नक्कल करताना तळहातावर बोट घासायचं हे ठरलेलं असे. ही मळलेली तंबाखू लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

आता आपला मराठी सिनेमा. गावाकडच्या चित्रपटांत पाटलाला हुक्का आणि गड्याला बिडी असा वर्णाश्रमधर्म होताच. पण आमच्या मते पडद्यावरच्या धुराचं सर्वांत प्रामाणिक दर्शन घडवलं ते अशोक सराफ यांनी. महेश कोठारे यांचा 'धुमधडाका' (१९८५) आठवतोय ना? खोटा उद्योगपती यदुनाथ जवळकर बनून आलेले अशोकमामा ऐटीत पाईप ओढायला जातात आणि ठसका लागतो. तोच तो जगप्रसिद्ध 'व्याख्या विख्खी वुख्खू'! अख्ख्या भारतीय सिनेमात नवख्या माणसाने झुरका घेतल्यावर खरोखर जे होतं ते इथे दिसलं. बाकी सगळे जन्मल्यापासून ओढत असल्यासारखे ओढतात.

आणि रजनीकांतशिवाय हा विषय पुरा व्हायचा नाही, सिंगापुरात तर नाहीच. शिवाजीराव गायकवाड हे त्याचं मूळ नाव, घर मराठी बोलणारं. सिगरेट हवेत उडवून ओठांत झेलायची त्याची लकब तमिळनाडूपासून इथल्या लिटल इंडियापर्यंत पोरांनी घोटून घोटून पाठ केली. किती जणांनी लकब सोडली आणि सिगरेट मात्र धरून ठेवली, याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही.

जाहिरात कुठली आणि गोष्ट कुठली?

हे सगळं निव्वळ कलेपोटी चाललं होतं असं समजायचं कारण नाही. 'सुपरमॅन-२' (१९८०) मध्ये मार्लबोरो दिसावी म्हणून सिगरेट कंपनीने पैसे मोजले होते. असे पैसे देणं अमेरिकेत १९९८ च्या समझोत्याने बंद झालं. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली हिंदी सिनेमाचा अभ्यास प्रसिद्ध करवला. १९९१ ते २००२ मधल्या गाजलेल्या चित्रपटांपैकी सुमारे तीन चतुर्थांशांत तंबाखू दिसली. त्या वर्षीच्या तंबाखूविरोधी दिनाचा विषयच मुळी तंबाखूमुक्त सिनेमा आणि फॅशन हा होता.

पडद्यावर बघून मुलं ओढायला लागतात का, यावर पुष्कळ वाद झाले. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २०१२ च्या अहवालाने मात्र स्पष्ट निष्कर्ष काढला: होय, सिनेमातल्या धूम्रपानामुळे तरुण मुलं सिगरेटला सुरुवात करतात. नुसता योगायोग नाही, कार्यकारणसंबंध आहे.

सिंगापूरने या बाबतीत घाई केली म्हणायला हवं. १९७० साली बस, सिनेमागृहं आणि नाट्यगृहं इथे सिगरेट ओढायला बंदी आली आणि त्यापाठोपाठ सिगरेटच्या जाहिरातीही बंद झाल्या. ली कुआन यू स्वतः ओढणारे होते. १९५७ मध्ये प्रचाराच्या धामधुमीत आवाज बसला तेव्हा त्यांनी सिगरेट सोडली. इथली गंमत अशी की सरकारने पडद्यावरच्या धुरापेक्षा पडद्यासमोरच्या धुराकडे जास्त लक्ष दिलं. २००४ पासून पाकिटांवर भयानक चित्रं, २००६ मध्ये हॉकर सेंटरवर बंधन, २०१७ पासून दुकानात पाकीट दिसेल असं ठेवायला मनाई, २०२० पासून सगळी पाकिटं एकाच मळक्या रंगाची, आणि २०२१ पासून विकत घेण्याचं वय २१. आमच्या कन्येला सिगरेटचा एकही ब्रँड माहीत नाही याचं श्रेय आमच्या संस्कारांना नाही, या यादीला आहे.

भारतात उलट झालं, लढाई पडद्यावरच झाली. रजनीकांतचा 'बाबा' २००२ मध्ये आला तेव्हा त्यातल्या सिगरेटवरून तमिळनाडूतल्या पीएमके पक्षाचे डॉ. रामदास यांनी मोठा विरोध केला. २००४ मध्ये त्यांचे चिरंजीव अंबुमणी रामदास देशाचे आरोग्यमंत्री झाले आणि २००५ मध्ये त्यांच्या खात्याने सिनेमा-टीव्हीतून धूम्रपानाची दृश्यं पार बंद करायचा नियम काढला. महेश भट कोर्टात गेले. अखेर जानेवारी २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही बंदी अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केली. मधल्या काळात रजनीकांतने 'शिवाजी' (२००७) मध्ये सिगरेटऐवजी च्युइंगम उडवून झेललं. आता च्युइंगमची विक्री सिंगापुरात १९९२ पासून बंद! म्हणजे इथल्या चाहत्यांची दोन्हीकडून पंचाईत.

बंदी गेली, मग आली सूचना. २ ऑक्टोबर २०१२ पासून लागू झालेला नियम असा: तंबाखू दिसणाऱ्या सिनेमात सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर ३०-३० सेकंदांची आरोग्य-फिल्म, दोन्ही वेळा २०-२० सेकंदांचा इशारा, शिवाय दृश्य चालू असेपर्यंत पडद्याच्या तळाशी पाटी. वुडी ॲलनला हे मान्य नव्हतं, म्हणून त्याचा 'ब्लू जास्मिन' २०१३ मध्ये भारतात लागलाच नाही. १ सप्टेंबर २०२३ पासून हाच नियम घरबसल्या बघायच्या ओटीटीलाही लावला गेला.

आम्ही पडलो इंजिनिअर, त्यामुळे हिशोब केला. ३०+३०+२०+२० म्हणजे १०० सेकंद. अडीच तासांचा सिनेमा म्हणजे ९००० सेकंद. म्हणजे नव्वद सेकंदांच्या गोष्टीमागे एक सेकंद उपदेश! प्रमाण वाईट नाही. पण आमच्या धंद्यातला एक जुना धडा आहे. तीच ती सूचनेची खिडकी दर वेळी समोर आली की माणूस ती न वाचता 'ओके' दाबतो. दोष वापरणाऱ्याचा नसतो. सततची सूचना ही सूचना राहतच नाही, ती भिंत होते. 'कबीर सिंग' (२०१९) मध्ये नायक एकामागून एक सिगरेटी फुंकतो, खाली इमानेइतबारे पाटी येते, आणि सगळं थिएटर बघत असतं नायकाकडे. पाटी खरी बोलते आणि दिसतो मात्र हिरो.

भुसावळचा मुकेश

आता कबुलीचा भाग.

२०१२ साली आम्ही नुकतेच इंजिनिअर होऊन पुण्यात नोकरीला लागलो होतो. पहिला पगार, मल्टिप्लेक्स, पॉपकॉर्न. सिनेमा सुरू व्हायच्या आधी ती फिल्म लागायची. नाकात नळी घातलेला एक तरुण आपलं नाव सांगतो, आपण फक्त एक वर्ष गुटखा खाल्ल्याचं सांगतो, ऑपरेशननंतर कदाचित बोलता येणार नाही म्हणतो. मग निवेदक सांगतो की त्याला वाचवता आलं नाही. वय २४.

त्याचं नाव मुकेश हे सगळ्या देशाला ठाऊक आहे. आणि सगळ्या देशाने त्याची नक्कल केली हेही ठाऊक आहे. त्याने नाव सांगायच्या आधीच थिएटरातली पोरं त्याच्या सुरात ते म्हणायची आणि हशा पिकायचा. आम्हीही हसलो. एकदा नाही, दर वेळी. ऑफिसच्या कँटीनमध्ये कुणी सुपारी तोंडात टाकली की आम्ही त्या सुरात त्याचं नाव घ्यायचो.

पुढे केव्हातरी वाचनात आलं की मुकेश भुसावळचा. २००९ मध्ये मुंबईत टाटा हॉस्पिटलात त्याचं चित्रण झालं आणि त्याच वर्षी तो गेला. भुसावळ! अहो, रात्रीच्या गाडीने जाताना जिथे उतरून केळी घ्यायची ते भुसावळ. हिंदीतून बोलणारा तो कुणी लांबचा मुलगा नव्हता, आपल्याच खानदेशातला, आपल्याच वयाचा. तो आपला शेवटचा आवाज आपल्याला देऊन गेला आणि आपण त्याचा विनोद केला.

आणखी एक गोष्ट तेव्हा आमच्या ध्यानात आली नव्हती. सिनेमात हिरो ओढत होता सिगरेट, आणि मुकेशला मारलं गुटख्याने. खालची पाटी धूम्रपानाबद्दल बोलत होती आणि मरणारा माणूस चघळण्याबद्दल बोलत होता. दोघांतलं हे अंतर आम्हाला का दिसलं नाही? उत्तर आमच्या घरातच होतं.

तवा वेगळा, न्याय वेगळा

आमची आजी सांगली जिल्ह्यातल्या गावी राहायची. रविवारी दुपारी टीव्हीवर मराठी पिक्चर लागला की ती भिंतीला टेकून बघायला बसायची. पडद्यावर कुणी सिगरेट पेटवली की ती म्हणायची, "मेला बघ कसा इंजिनासारखा धूर सोडतोय! आई-बापानं काय शिकवलं नाही वाटतं!" आमच्या धाकट्या काकांच्या खिशात एकदा सिगरेटचं पाकीट सापडलं, तेव्हा तिने दोन दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं.

आणि तिच्या कनवटीला मशेरीची डबी!

इथे वाढलेल्या मुलांसाठी सांगतो. मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेल्या तंबाखूची पूड. ती बोटावर घेऊन दातांना आणि हिरड्यांना लावायची. सकाळी उठल्यावर एकदा, मग जेवणानंतर, मग काम झालं की, मग कंटाळा आला की. आमच्याकडे मशेरीचा तवा वेगळा होता. आजी मशेरी भाजायला बसली की सगळ्या घराला असा ठसका लागायचा की आम्ही पोरं 'व्याख्या विख्खी वुख्खू' करत अंगणात पळायचो. घर धुराने भरलेलं, आणि तरी आमच्या लेखी घरात तंबाखूचं व्यसन कुणालाच नव्हतं. मशेरी म्हणजे दात घासणं. 'दात शिवशिवत नाहीत', 'पोट साफ होतं', अशी तिची कारणं तयार असत, आणि गावातल्या निम्म्या बायका तेच करत होत्या.

आम्ही २०१५ मध्ये सिंगापूरला आलो तेव्हा तिला म्हटलं, आजी, एकदा ये ना इकडे. तिचा पहिला प्रश्न, "तिकडं मशेरी चालती का?" म्हटलं, नाही गं, इथे मशेरी नाही चालत. "मग म्या कशाला येऊ? तुझं घर बघून दात घासायचं सोडू व्हय?" फोनवर दोन्हीकडे हशा.

त्याच सुमारास ती म्हणायला लागली की तिखट खाल्लं की तोंडाची आग होते, गालाच्या आत काहीतरी खरखरतंय. आम्ही फोनवरून काय सांगितलं असेल? "तोंड आलं असेल. बी-कॉम्प्लेक्स घे." एकदा नाही, चार-पाचदा सांगितलं. घरात शिकलेली माणसं आम्ही, आमचा शब्द तिने मानला. गोळ्या घेत राहिली, वर मशेरी लावत राहिली. सात-आठ महिने गेले. तोंड उघडेना, भाकरीचा घास जाईना, तेव्हा काकांनी तिला मिरजेला नेलं. मग तपासण्या, मग मुंबई. ऑपरेशन झालं, पण उशीर झाला होता. २०१६ च्या पावसाळ्यात ती गेली. शेवटचे तीन महिने तिला बोलता येत नव्हतं. पाटीवर खडूने लिहून दाखवायची.

आम्ही तोवर थिएटरात, टीव्हीवर, विमानातसुद्धा ती सूचना शेकडो वेळा वाचली असेल. एकदाही ती आजीच्या डबीशी जोडली गेली नाही. कारण आजी ओढत नव्हती. सिनेमाने आम्हाला शिकवलं होतं की तंबाखू म्हणजे धूर, तंबाखू म्हणजे पुरुष, तंबाखू म्हणजे हिरो नाहीतर व्हिलन. ओटीवर बसून दाताला बोट लावणारी नऊवारीतली म्हातारी त्या चित्रात बसतच नव्हती.

आकडे काय सांगतात?

भारताच्या २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, आणि खाणारे-लावणारे २४.४ टक्के. म्हणजे एका ओढणाऱ्यामागे सहाहून जास्त चघळणारे. बायकांचे आकडे बघा: ओढणाऱ्या १.४ टक्के, खाणाऱ्या-लावणाऱ्या १६.६ टक्के. सिनेमातल्या नादिरापासून समाजाला वाचवण्यात आपण दंग होतो आणि दर सहा बायकांत एक बाई घरात बसून तंबाखू लावत होती.

ही तंबाखूही आपल्याच मातीतली. आचार्य अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच'मधला लखोबा लोखंडे कोण? निपाणीचा तंबाखूचा व्यापारी! वर्षानुवर्षं प्रभाकर पणशीकरांच्या त्या रूपाला आपण टाळ्या दिल्या. पण निपाणीच्या वखारींमध्ये दिवसभर तंबाखूच्या धुळीत काम करणाऱ्या बायका कशा जगतात यावर कॅमेरा लागला तो १९८२ मध्ये, 'युगांतर' या गटाने केलेल्या माहितीपटात. तो आपल्यापैकी किती जणांनी पाहिलाय? आम्हीसुद्धा त्याच्याबद्दल कळलं ते या लेखाच्या निमित्ताने शोधाशोध केली तेव्हा.

महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरीही मोठमोठे नट पानमसाल्याच्या नावाची 'वेलची' विकताना दिसतातच. अक्षयकुमारचं उदाहरण बोलकं आहे. २०१८ पासून थिएटरात तो सायकलवरून येऊन नंदूला सिगरेटचे पैसे बायकोच्या आरोग्यासाठी वापरायला सांगत होता. २०२२ मध्ये तो स्वतः अशा वेलचीच्या जाहिरातीत दिसला, लोक चिडले, आणि त्याने माफी मागून त्यातून अंग काढून घेतलं. सिगरेटला नाही म्हणायला आपण शिकलो. पुडीला नाही म्हणायला अजून शिकतोय.

मग आपण काय करायचं?

सिनेमे बंद करायचे का? मुळीच नाही. 'हम दोनों' आम्ही पुन्हा बघणार. मुलांना विचारू द्या, आणि खरं उत्तर द्या: तेव्हा माणसांना हे शहाणपणाचं वाटायचं, आज तसं नाही. फक्त पडद्यावरच्या धुराकडे बोट दाखवताना घरातल्या डबीकडेही एकदा बघा.

आपले आई-वडील, मावश्या, काका भारतात. आपण इथून फोन करतो, 'बरं आहे ना' विचारतो, ते 'बरंय' म्हणतात. यापुढे एवढं विचारा: तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा आहे का? दोन-तीन आठवडे होऊनही न भरणारा फोड किंवा जखम आहे का? तिखट सोसत नाही, तोंड पूर्वीइतकं उघडत नाही असं झालंय का? यातलं काहीही असेल तर बी-कॉम्प्लेक्स सांगू नका. दातांच्या डॉक्टरांकडे पाठवा, आणि मशेरी, तंबाखू, सुपारी जे असेल ते त्यांना स्पष्ट सांगायला लावा. प्रत्येक चट्टा कर्करोग नसतो. पण जो असतो तो लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता पुष्कळ असते. तोंड हा असा अवयव आहे की तपासायला आधी मशीन लागत नाही, उजेड आणि बघणारा माणूस लागतो.

ज्यांना असा बघणारा माणूस नाही आणि उपचाराला पैसेही नाहीत, त्यांच्यासाठी ही पुस्तिका आहे. आपण ती विकत घेतलीत, त्याबद्दल आभार. एक जास्तीची घेऊन शेजाऱ्यांना दिलीत तर दुप्पट आभार.

आजी गेल्यावर आईने मशेरीचा तवा भंगारात दिला. सासरेबुवांची चंची मात्र अजून चालू आहे. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आमची कन्या त्यांना फर्मावते, "आजोबा, टॉर्च लावा. आता आऽऽ करा!" आजोबा कुरकुरतात, "ही मोठी झाली की डॉक्टर होणार नाहीतर पोलीस." पण आऽऽ करतात. मागच्या महिन्यात त्यांनी आपण होऊन सांगितलं की दिवसाच्या दहा चिमट्यांवरून तीनवर आलोय. कन्येने विचारलं, "आणि त्या तीन कुठे बसून खाता?"

"अंगणात."

"तिथे पिवळी चौकट आखा."